नांदूरमध्यमेश्वरला जाऊन करायचं काय?

नमस्कार मंडळी! हिवाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो, आणि पाठोपाठ दुसरा: बोटिंग आहे का हो? बोटीची हौस असेल तर नाशिकच्या गंगापूर धरणावर जा. इथे पाणी पक्ष्यांचं, आपल्याला फक्त काठ.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला. त्याच्यामागे गाळ साचत गेला, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे निव्वळ तोटा, पण पक्ष्यांनी त्याच गाळावर बस्तान बसवलं. १९८६ साली अभयारण्य झालं, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

'काहीच दिसलं नाही' म्हणणारे बहुतेक जण सगळ्या जलाशयावर एकदम नजर फिरवतात. तसं नको. आधी पाणी कुठे किती खोल आहे ते बघा. घोटाभर पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या चालत असतो. जरा पुढे चमचा नावाचा पक्षी चपटी चोच पाण्यात घालून ताक घुसळावं तशी डावी-उजवीकडे फिरवतो. तलवार बदक अर्धं बुडून शेपटी वर करतं, कारण त्याला मान तळापर्यंत पोचवायची असते. पाणी चढलं की मान पुरत नाही. खोल पाण्यात काळे वारकरी पक्षी बुड्या मारतात. आणि चक्रवाक? ते बेटाच्या कोरड्या कडेला, बहुधा जोडीनं. म्हणूनच वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे शेतीचं ठरलेलं पाणी, सुटलं की कालची भरलेली जागा आज रिकामी दिसते. पक्षी गेलेले नसतात, सरकलेले असतात. कुठे, ते स्थानिक गाईडला विचारा.

आता जरा कडवट बोलतो. उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या पिटणारे, खडे मारणारे बघितले की डोकंच फिरतं. हिमालयापलीकडे परतायचं तर चक्रवाकाला अंगावर चरबी साठवावी लागते. उठवलंत की खाणं थांबतं आणि साठवलेलं खर्च होतं, तेही तुमच्या धूसर फोटोपायी! अभयारण्यात प्राणी-पक्ष्यांना छेडायला आणि कचरा टाकायला वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे. ड्रोन घरीच ठेवा. वरून काही आलं की बदकं ससाणाच समजतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या, उजाडता उजाडता पोचा. निफाडचा पारा पेपरात उगाच येत नाही, तेव्हा कानटोपी हवीच. कपडे मळकट रंगाचे. मोठी लेन्स नसली तरी चालेल, साधी दुर्बीण पुष्कळ झाली. पक्षी बघायच्या मनोऱ्यावर हळू बोला. आणि गाडी द्राक्षबागेच्या वाटेत लावू नका. काढणीच्या दिवसांत तिथून ट्रॅक्टर जायचा असतो, आणि बागवाला तुम्हाला शोधत पाणवठ्यापर्यंत येऊन ओरडला, तर उरलेले पक्षीही उडतील.