मुकादम पेशी

(सावदा. जानेवारीची पहाट, धुक्यात केळीची बाग.)

कापणी सुरू झालीये. कोयत्याचा एक घाव, घड अलगद खांद्यावर आणि तिथून थेट गाडीपाशी. कापणारे वेगळे, वाहणारे वेगळे. बांधावर मफलर गुंडाळून उभे आहेत ते मुकादम. त्यांच्या हातात कोयता नसतो. पण कुठला घड उतरवायचा, कोणी कुठल्या ओळीत शिरायचं, हे त्यांनी सांगितल्याशिवाय टोळी हलत नाही.

(सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी.)

हे जळगावातल्या एका प्रयोगशाळेतलं रक्त. तांबड्या पेशींच्या गर्दीत गडद जांभळ्या, गोल केंद्रकाची ही पांढरी पेशी पाहा. अशाच दिसणाऱ्या पेशींमध्ये आपल्या अंगातले मुकादम असतात : मदतनीस टी-पेशी. नुसत्या नजरेला त्या वेगळ्या काढता येत नाहीत, त्यांच्या अंगावरची सीडी-फोर नावाची खूण शोधावी लागते. एचआयव्हीच्या उपचारात ज्यांची मोजणी होते, त्या याच पेशी.

(ॲनिमेशन.)

फ्लूचा विषाणू नाकाघशातून शिरतो. तिथली एक पहारेकरी पेशी त्याचे तुकडे उचलते आणि जवळच्या लसिका गाठीत नेते. गाठीत टी-पेशींची ये-जा चालूच असते. ज्या मदतनीस पेशीला तो तुकडा नेमका जुळतो, ती जागी होते. एकीच्या हजारो होतात. काही जणी बी-पेशींना गाठतात; या पेशी प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला चिकटून अडवणारी प्रथिनं बनवतात. मग नेमक्या आणि टिकाऊ प्रतिपिंडांचं काम जोर धरतं. काही जणी विषाणू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या मारक पेशींना बळ देतात. आजार सरल्यावर थोड्या मागे राहतात, खूण लक्षात ठेवून.

ही आठवण फार मोलाची. फ्लूचा विषाणू बाहेरचा अंगरखा सतत बदलतो, त्यामुळे जुनी प्रतिपिंडं फसतात. आतली प्रथिनं मात्र फारशी बदलत नाहीत, आणि मदतनीस पेशी तीही ओळखतात. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना मुद्दाम फ्लूचा संसर्ग दिला होता. त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं त्यांच्यात नव्हती. तरीही ज्यांच्याकडे फ्लू ओळखणाऱ्या सीडी-फोर पेशी आधीपासून जास्त होत्या, त्यांचा आजार सौम्य राहिला, त्यांच्यातून विषाणूही कमी बाहेर पडला.

(ओट्यावर घोंगडी पांघरून बसलेले आबा.)

टी-पेशी तयार होतात छातीतल्या थायमस ग्रंथीत, आणि ती वयाबरोबर आक्रसत जाते. आबांच्या वयात नवे मुकादम कमीच. फ्लू फुप्फुसात उतरला की न्यूमोनिया होतो, म्हाताऱ्या माणसाचा त्यात जीवही जातो.

(दवाखाना. लसीची थंड पेटी उघडते.)

फ्लूची लस दरवर्षी घ्यायची, कारण अंगरखा बदललेला असतो. तिच्यातल्या प्रथिनाचे तुकडेही याच मदतनीस पेशींपुढे येतात. म्हातारपणी त्यांचा प्रतिसाद मंदावतो, म्हणून तर वेळेवर घ्यायची.

आबा बाही वर करतात.