शुखोवची भिंत

[दृश्य : वाघोलीजवळचे बांधकाम, सकाळ. ताणलेली दोरी, थापी, ओळंबा.]

वाघोलीच्या पुढे, नगर रस्ता सोडून आत गेल्यावर लागणाऱ्या या बांधकामावर सकाळचा माल कालवून झाला की गवंड्याची थापी दुपारच्या जेवणापर्यंत थांबत नाही. बिगाऱ्याने आणून ठेवलेल्या घमेल्यातून तो माल उचलतो, खालच्या रद्द्यावर, म्हणजे ब्लॉकांच्या खालच्या थरावर, सारखा पसरतो, ब्लॉक ठेवतो, थापीच्या मुठीने ठोकून दोरीला आणतो आणि सांध्यातून बाहेर आलेला माल खरवडून पुढच्या ब्लॉकसाठी वापरतो. मधूनमधून ओळंबा सोडून पाहतो. या भिंतीमागे उद्या कोण राहणार आहे हे त्याला ठाऊक नाही, आणि त्यावाचून त्याचे काही अडतही नाही. कॅमेरा इथे मुद्दाम जास्त वेळ थांबला आहे, कारण तुरुंगछावण्यांविषयीच्या कथासाहित्यातील एक अतिशय गाजलेला प्रसंग म्हणजे अशाच एका भिंतीचे बांधकाम आहे, आणि तो समजून घ्यायचा तर हे काम आधी डोळ्यांनी पाहिलेले बरे, असे आम्हांला वाटले.

तो प्रसंग अलेक्झांडर सोल्झेनित्सिन यांच्या ‘इव्हान देनिसोविचच्या आयुष्यातील एक दिवस’ या लघुकादंबरीतला आहे. काळ १९५१ च्या जानेवारीचा, स्थळ उघड्या माळरानावरची राजकीय कैद्यांची श्रमछावणी, आणि पारा उणे २७ अंशांच्या खाली. पारा उणे ४१ पर्यंत उतरला तरच कामाला सुट्टी मिळते, त्यामुळे आजचा दिवस नेहमीचाच. इव्हान शुखोव हा खेड्यातला शेतकरी युद्धात सैनिक झाला, जर्मनांच्या हाती सापडला, तिथून निसटून आपल्या लोकांत परतला, आणि आपल्याच लोकांनी त्याला हेर ठरवले. कबुलीजबाबावर सही केली नाही तर गोळी आणि केली तर निदान जगण्याची आशा, असा हिशेब करून त्याने सही केली आणि दहा वर्षांची शिक्षा पदरात घेतली.

[दृश्य : थापीचा जवळून दिसणारा हात.]

ज्या टोळीत शुखोव आहे तिचा क्रमांक १०४, आणि मुकादमाचे नाव त्यूरिन. टोळीला वीजकेंद्राच्या अर्धवट इमारतीचे काम मिळाले आहे. माल वर चढवणारे यंत्र बंद पडलेले असल्याने तो माणसांनीच उचलून न्यायचा. पाणी आणि वाळू शेगडीवर तापवून माल कालवायचा आणि तो गोठण्यापूर्वी वापरून संपवायचा. वारा आत येऊ नये म्हणून खिडक्यांच्या उघड्या चौकटींना दुसरीकडून गुपचूप आणलेला डांबरी कागद ठोकायचा. भिंतीच्या माथ्यावरचा बर्फ आधी तासून काढायचा. आधीच्या कोणा अनभिज्ञ माणसाने तिथे केलेले काम वाकडे आहे, एका जागी भिंत आत दबली आहे, आणि शुखोव पाहताक्षणी ठरवतो की ही चूक एका रद्द्यात सुधारण्याजोगी नाही, ती तीन रद्द्यांत थोडीथोडी भरून काढावी लागेल. लेखकाने ही पाने गवंड्याच्या डोळ्यांनी लिहिली आहेत. तोफखान्यातला हा अधिकारी फेब्रुवारी १९४५ मध्ये पूर्व प्रशियाच्या आघाडीवर पकडला गेला, कारण मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्याने स्टालिनविषयी कठोर शब्द वापरले होते. आठ वर्षांच्या शिक्षेतला शेवटचा मोठा काळ त्याने कझाकस्तानातील एकिबास्तूझच्या छावणीत काढला आणि तिथे त्याने खरोखरच गवंडीकाम केले.

दिवस संपल्याची खूण होते, परतण्यासाठी रांगा लागू लागतात, उशीर झाला तर शिक्षा ठरलेली आहे, आणि तरीही उरलेला माल फुकट जाऊ नये म्हणून शुखोव ब्लॉक बसवतच राहतो. निघताना तो दोन पावले मागे सरून भिंतीकडे डावीकडून आणि उजवीकडून नजर टाकतो. भिंत सरळ आहे. हातांनी अजून दगा दिलेला नाही, याचे त्याला समाधान वाटते.

या प्रसंगावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो रास्तही आहे: ज्या राज्याने आपल्याला विनाकारण डांबले त्याच राज्याचे वीजकेंद्र हा माणूस इतक्या जीव ओतून का बांधतो? आमचे उत्तर असे आहे की त्या क्षणी भिंत राज्याची नाही. उठण्याची वेळ, चालण्याची रांग, पाच-पाचांची मोजणी, अंगझडती, झोपण्याची फळी, यांतले काहीही शुखोवच्या हातात नाही. रद्दा सरळ येणे मात्र पूर्णपणे त्याच्या हातात आहे, आणि तिथे पहारेकऱ्याचे मत विचारात घेतले जात नाही. दस्तयेव्हस्कीने हीच गोष्ट शंभर वर्षे आधी उलट बाजूने सांगितली होती. १८५० ते १८५४ ही चार वर्षे त्याने ओम्स्कच्या तुरुंगात पायांत बेड्या घालून काढली, आणि त्या अनुभवावर बेतलेल्या पुस्तकात त्याने लिहिले की माणसाला पुरते चिरडायचे असेल तर त्याला संपूर्ण निरर्थक काम द्यावे. एका पिंपातले पाणी दुसऱ्यात आणि दुसऱ्यातले परत पहिल्यात ओतायला लावावे.

[दृश्य : पुणे कॅम्पातील एक बेकरी. तराजूत पावाचा तुकडा. आकडा ५५० वर स्थिरावतो.]

पाचशे पन्नास ग्रॅम. सकाळच्या वाट्याचा पाव कागदावर एवढा असतो. शुखोव तो तळहातावर तोलतो आणि थोडा कमी भरला हे त्याला वजनाशिवाय कळते. वरची चिमूटभर साखर तो चाटून घेतो. मग पावाचे दोन भाग होतात: एक अंगरख्याच्या आत दुपारसाठी जातो, दुसरा गादीतल्या भुशात, आणि गादीचे छिद्र तो टोपीत लपवलेल्या सुईदोऱ्याने तिथल्या तिथे शिवून टाकतो. बाहेर हजेरीसाठी आरडाओरडा चाललेला असताना हे सारे उरकायचे असते. चमचा त्याने स्वतः ॲल्युमिनियमच्या तारेपासून ओतून बनवला आहे आणि तो बुटात खोचलेला असतो. आमच्या कॅमेऱ्यासमोर या बेकरीतल्या मालकांनी तुकडा कापून दिला, तेव्हा एका पूर्ण दिवसाच्या जड मजुरीपुढे तो किती लहान दिसतो हे तिथे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांच्याही ध्यानात आले. जर्मन लेखिका हेर्टा म्युलर यांच्या २००९ च्या कादंबरीतही हिशेब असाच नेमका मांडलेला आहे. युद्धानंतर सोव्हिएत छावणीत नेलेला तिचा तरुण नायक कोळसा ओढताना मोजत असतो की एक फावडे म्हणजे एक ग्रॅम पाव.

मात्र शुखोवच्या भुकेला काही नियम आहेत, आणि ते त्याने स्वतः घातलेले आहेत. थंडी कितीही असो, टोपी डोक्यावर ठेवून तो जेवत नाही. सारातल्या माशाचे कल्ले, शेपटी, सगळे तो खातो. डोळे जागच्या जागी असतील तर तेही खातो. पण ते सुटून वाडग्यात तरंगत असतील तर खात नाही, मग इतर कैदी हसोत. पहिल्या छावणीतल्या जुन्या मुकादमाने त्याला शिकवले होते की इथे तेच मरतात जे दुसऱ्याचे वाडगे चाटतात, जे दवाखान्यावर भरवसा ठेवतात आणि जे सोबत्यांच्या चुगल्या करतात. याचा अर्थ शुखोव साधुपुरुष आहे असा नव्हे. तो स्वयंपाक्याची मोजणी चुकवून दोन वाडगे जास्तीचे मिळवतो, सापडलेला करवतीच्या पात्याचा तुकडा हातमोज्यात लपवून झडतीतून पार नेतो, घरून पार्सले येणाऱ्या त्सेझारसाठी रांगेत उभा राहतो आणि त्या बदल्यात त्याच्या रात्रीच्या जेवणाचा धनी होतो. या युक्त्यांसकट तो आम्हांला पूर्ण माणूस वाटतो.

[दृश्य : केसरीवाड्याचे अंगण, नंतर येरवडा मध्यवर्ती कारागृहाची बाहेरची भिंत.]

पुणेकर वाचकाला तुरुंगातले साहित्य नवे नाही, आणि हीच आमच्या मते अडचणही आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. गांधीजींनी १९३० मध्ये याच भिंतीआडून आश्रमवासीयांना दर मंगळवारी व्रतांवरची पत्रे पाठवली आणि पत्त्याच्या जागी तुरुंगाला येरवडा मंदिर म्हटले. १९३२ च्या सप्टेंबरात त्यांचे उपोषण आणि पुणे करारही इथेच झाला. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली. या परंपरेत वाढलेल्या आपल्या मनाने तुरुंगाची एक प्रतिमा पक्की केली आहे: आत गेलेला माणूस का आत गेला हे त्याला माहीत असते, त्याच्यापाशी कागद असतो, बाहेर त्याची वाट पाहणारी चळवळ असते, आणि तो मोठा होऊन बाहेर येतो. ही परंपरा अभिमानाची आहे, यात शंका नाही. पण शुखोव तिच्यात बसत नाही. त्याला कोणतेही ध्येय नाही, वर्षाला दोनच पत्रे लिहिण्याची मुभा आहे, आणि ती तरी लिहून काय सांगायचे हा प्रश्न आहे. घरच्यांच्या तोंडचा घास जाऊ नये म्हणून पार्सले पाठवू नकोस, असे त्याने बायकोला कळवून टाकले आहे. तुरुंगाला मंदिर म्हणण्यासाठी जी निवड आधी केलेली असावी लागते, ती त्याला कोणी करूच दिलेली नाही. म्हणूनच त्याच्या बाबतीत स्वातंत्र्याचा अर्थ नव्याने शोधावा लागतो, आणि तो टोपी, चमचा, थापी यांच्यापाशीच सापडतो, असे आम्हांला ठामपणे वाटते.

अर्थात सुटकेचा विचार त्याने केलेला नाही असे नाही. सुरुवातीची वर्षे तो दिवस मोजत असे, पुढे मोजणे सोडले. शिक्षा संपली तरी घरी जाऊ देत नाहीत, दूर कुठेतरी हद्दपार करतात, हे छावणीत सर्वांना माहीत आहे. रात्री शेजारच्या फळीवरचा अल्योशा हा श्रद्धाळू बाप्टिस्ट ख्रिस्ती त्याला म्हणतो की बाहेर जाऊन काय करशील, तिथे तुझी उरलीसुरली श्रद्धाही काट्याकुट्यांत घुसमटेल, इथे आत्म्याचा विचार करायला सवड तरी आहे. शुखोव त्याचे ऐकून घेतो, त्याच्या प्रामाणिकपणाविषयी त्याला आदरही आहे. पण आपल्याला स्वातंत्र्य हवे आहे की नाही हे आता त्याचे त्यालाच कळेनासे झाले आहे, आणि हवे असलेच तर ते फक्त घरी जाण्यासाठी. हक्काची भाषा बोलल्याचे काय होते हेही त्याने पाहिले आहे: टोळीतल्या कप्तान बुइनोव्हस्की या माजी नौदल अधिकाऱ्याने सकाळच्या झडतीत कायद्याचे कलम काढून पहारेकऱ्यांना सुनावले, त्याबद्दल त्याला थंड कोठडीत दहा दिवस मिळाले.

[दृश्य : सदाशिव पेठेतील एक घर. वाचकगटाची बैठक, पुस्तके, चहाचे कप.]

या घरात जमणाऱ्या वाचकांमध्ये शुखोववरून दोन तट पडले. गटातल्या एका निवृत्त शिक्षिका म्हणाल्या की कामातला आनंद दाखवून लेखकाने छावणी जरा सोसण्याजोगी करून टाकली आहे. असाच आक्षेप अधिक अधिकाराने घेणारा माणूस म्हणजे रशियन लेखक वार्लाम शालामोव हा होता. १९३७ पासूनची अनेक वर्षे त्याने कोलिमाच्या गोठलेल्या खाणप्रदेशात काढली. सोल्झेनित्सिन यांची कादंबरी प्रसिद्ध होताच त्याने त्यांना पत्र लिहून मनापासून दाद दिली, आणि हेही विचारले की या छावणीच्या दवाखान्यापाशी मांजर कशी फिरते. खऱ्या छावणीत ती केव्हाच खाल्ली गेली असती. शालामोवच्या कथांमध्ये कैद्यांची एक म्हण येते: लहान वाटा मारत नाही, मोठा वाटा मारतो. मोठ्या वाट्यासाठी जे जास्त काम करावे लागते, त्यातच माणूस संपतो.

त्याच्या एका अगदी लहान कथेत दुगायेव नावाचा तेवीस वर्षांचा माजी विद्यार्थी आहे. त्याला एके दिवशी टोळीतून वेगळे काढून एकट्याचे मोजमाप दिले जाते. तो दिवसभर खोदतो, गाडी ओढतो, परत खोदतो, आणि संध्याकाळी मोजणी होते तेव्हा ठरलेल्या कामाच्या पंचवीस टक्केच भरते. ते पाहून इतकेही झाले याचे त्याला आश्चर्य वाटते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा टोळीबरोबर कामाला जातो, रात्री सैनिक त्याला घेऊन निघतात, आपल्याला कुठे नेत आहेत हे त्याच्या लक्षात येते, आणि मनात हळहळ एकाच गोष्टीची उरते की आजचा शेवटचा दिवस उगाच राबण्यात घालवला. शुखोवच्या भिंतीविषयी आम्ही इतका वेळ जे सांगत आलो, त्याला ही दोन-तीन पाने आव्हान देतात. काम माणसाला सावरते हे शुखोवच्या छावणीत खरे असेल, कारण तिथे जेवण कसेबसे का होईना जगण्यापुरते आहे. कोलिमात ते खरे राहिले नाही. तरीही आम्ही शुखोवची बाजू सोडत नाही. दुगायेवची हळहळही आपला दिवस आपला असायला हवा होता, याचीच आहे.

[दृश्य : अप्पा बळवंत चौक. जुन्या पुस्तकांच्या थप्प्या; मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके.]

मॉस्कोहून मराठीत छापून आलेली ही पुस्तके एके काळी महाराष्ट्रातल्या घराघरांत होती. कागद उत्तम, बांधणी पक्की, किंमत नाममात्र. गॉर्की, टॉलस्टॉय, मुलांच्या गोष्टी, विज्ञान, सगळे त्यांत होते, आणि मराठी वाचकाच्या दोन पिढ्या त्यांवर वाढल्या, याचे ऋण मानलेच पाहिजे. शुखोवची गोष्ट नोव्हेंबर १९६२ मध्ये ‘नोवी मीर’ या मासिकात संपादक त्वार्दोव्हस्की यांच्या चिकाटीमुळे आणि ख्रुश्चेव यांच्या संमतीने छापली गेली. पुढे वारा फिरला, लेखकाला १९७० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, १९७४ मध्ये देशाबाहेर घालवले गेले आणि त्याची पुस्तके सोव्हिएत ग्रंथालयांतून काढून टाकण्यात आली. रशियात शालामोवच्या कोलिमा कथांना तर तो जिवंत असेपर्यंत पुस्तकरूप लाभलेच नाही. त्यामुळे या थप्प्यांत आपण कितीही शोधले तरी हे दोघे तिथे सापडत नाहीत. आपल्या घरी आलेल्या रशियात छावणी नव्हतीच.

सदाशिव पेठेतल्या गटाने पुढच्या बैठकीसाठी दुगायेवची कथा निवडली आहे, आणि ती मांडण्याचे काम, ज्यांनी शुखोवच्या भिंतीची बाजू सर्वांत आग्रहाने लढवली होती, त्यांच्याकडेच सोपवले आहे.