मीठ, साखर आणि आतड्याची भिंत
(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, स्वतःला किंवा घरातल्या कुणाला सलाईन लावलेलं कधी पाहिलं नाही, असा माणूस या सभागृहात विरळाच असेल. त्या बाटलीवर ०.९ टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ. नऊच का, हे आपण सहसा विचारत नाही. आज तिथूनच सुरुवात करू.

या टेबलावर तीन टेस्ट ट्यूब आहेत. सकाळी खाटकाकडून बकऱ्याचं रक्त आणलं, गोठू नये म्हणून त्यात सोडियम सायट्रेट घातलं आणि प्रत्येक ट्यूबमध्ये त्याचे चार-चार थेंब टाकले. पहिलीत ०.९ टक्के मिठाचं पाणी आहे. तिच्यामागे वर्तमानपत्र धरलं तर मथळासुद्धा वाचता येत नाही, कारण अब्जावधी तांबड्या पेशी प्रकाश अडवतात. हा खारटपणा पेशीच्या आतल्याइतकाच आहे, म्हणून पेशी फुगतही नाहीत, आक्रसतही नाहीत; नऊच का, याचं उत्तर हेच. दुसरीत ३ टक्के मीठ आहे. तीही गढूळच, पण तिच्यातल्या पेशी पाणी गमावून आक्रसल्या आहेत. तिसरीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर आहे, आणि बघा, मागची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येतात. रंग लालच आहे, पण पेशी उरलेल्या नाहीत. पाणी आत शिरलं, पेशी फुगल्या, फुटल्या आणि हिमोग्लोबिन बाहेर पडलं. मागच्या रांगांना दिसलं नसेल तर व्याख्यानानंतर पुढे या, ट्यूब इथेच ठेवतो.

बकऱ्याची तांबडी पेशी आपल्या पेशीच्या जवळपास निम्म्या व्यासाची असते, आणि नाजूक. माणसाची पेशी ज्या खारटपणात तग धरते, त्यात बकऱ्याच्या बऱ्याचशा पेशी फुटतात. उंटाची पेशी मात्र दुपटीहून जास्त फुगली तरी फुटत नाही. दिवसेंदिवस तहान काढून एकदम पोटभर पाणी पिणाऱ्या जनावराला हे हवंच. काय फुटणार आणि काय टिकणार, हे ठरवतं ते पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण.

हे पटल साधारण पाच नॅनोमीटर जाड असतं. एकावर एक दोन लाख थर रचले तर एक मिलिमीटर भरेल. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी माणूस, कुत्रा, मेंढी, बकरी अशा प्राण्यांच्या तांबड्या पेशींतली सगळी चरबी काढून पाण्यावर एक रेणू जाडीची पसरली. तिचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं, म्हणजे पटलात चरबीचे दोन थर आहेत. पुढे लक्षात आलं की त्यांनी पूर्ण चरबी काढलीच नव्हती आणि पेशीचं क्षेत्रफळही कमी धरलं होतं. दोन चुका एकमेकींना छेदून गेल्या, निष्कर्ष मात्र अचूक राहिला. मी दरवर्षी हे वर्गात सांगतो. बरोबर उत्तर आलं म्हणून पद्धत तपासायची नाही असं नसतं, हे विद्यार्थ्याला इथे नेमकं दिसतं.

हे दोन थर घट्ट नसतात. आपल्या तांबड्या रश्श्यावरचा कट जसा वाटी हलवली की सरकत राहतो, तसेच तेही प्रवाही असतात, आणि त्यांच्यात प्रथिनं तरंगत असतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी हे चित्र १९७२ साली मांडलं. चरबीच्या थरातून मीठ आरपार जात नाही, साखर जवळजवळ जात नाही. त्यांना वाट करून देतात ती ही प्रथिनं. पाण्याचीसुद्धा खास वाट आहे, ती पीटर ॲग्रे यांना तांबड्या पेशींतच सापडली.

यातलं सगळ्यात कष्टाळू प्रथिन म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप. डेन्मार्कमध्ये येन्स स्कोऊ भूल देणाऱ्या औषधांचा अभ्यास करत होते. त्या ओघात खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना १९५७ साली त्यांना हा पंप गवसला. प्रत्येक फेरीत तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. आपण स्वस्थ बसलेले असतानाही शरीराच्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा या एका कामावर खर्च होतो. कण्हेर खाऊन जनावर दगावल्याचं आपल्याकडे खेड्यापाड्यांत ऐकू येतं. कण्हेरीतलं विष याच पंपाला अडवतं आणि हृदयाची लय बिघडते. खेकड्यावरच्या त्या कामाला १९९७ साली नोबेल मिळालं, चाळीस वर्षांनी. मधल्या काळात कुणी ‘याचा उपयोग काय’ म्हणून त्यांचा निधी बंद केला असता तर काय झालं असतं, याचा मला नेहमी विचार पडतो.

आता आतड्याकडे येतो.

पंप सोडियम सतत बाहेर फेकतो, म्हणून आतड्याच्या पेशीत सोडियम कमी राहतो. बाहेरचा सोडियम आत यायला बघतो. त्याच्या वाटेवर एक प्रथिन आहे. ते सोडियमला एकट्याला सोडत नाही, ग्लुकोजला सोबत घेऊनच सोडतं. ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग इथल्या परिषदेत मांडली. विद्यार्थ्यांना ती पटवायला महागडं यंत्र लागत नाही. कोंबडी कापल्यावर लगेच आतड्याचा बोटभर तुकडा घ्यायचा, काचेच्या कांडीवर मोज्यासारखा उलटा करायचा, म्हणजे शोषणारी आतली बाजू बाहेर येते, एक टोक दोऱ्याने बांधायचं, आत ग्लुकोज घातलेलं खारं पाणी भरायचं, दुसरं टोक बांधायचं. ही पिशवी तेवढ्याच ग्लुकोजच्या कोमट द्रावणात सोडायची आणि खालून ऑक्सिजनचे बुडबुडे द्यायचे. अर्ध्या तासाने मोजलं तर पिशवीतलं ग्लुकोज बाहेरच्यापेक्षा वाढलेलं असतं. द्रावणातला सोडियम काढून टाका, हे थांबतं. बेडूक कापणं आता बंद झालं, ते योग्यच झालं; चिकनच्या दुकानातून एवढं शिकता येतं.

पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, काय होतं? शंभुनाथ डे यांनी १९५९ साली कोलकात्यात दाखवून दिलं की जंतू एक विष सोडतात आणि तेच जुलाब घडवतं. त्या विषाने आतड्याच्या पेशींतल्या क्लोराइडच्या वाटा उघड्याच राहतात. क्लोराइडमागे सोडियम जातो, त्यामागे पाणी. माणूस काही तासांत सुकतो, डोळे खोल जातात. पण सोडियम आणि ग्लुकोजची जोडवाट शाबूत असते. विषाचा तिच्यावर परिणाम होत नाही. म्हणून नुसतं पाणी किंवा नुसतं मिठाचं पाणी पाजून भागत नाही, मीठ आणि साखर बरोबर गेली की पाणी मागोमाग आत येतं.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. पश्चिम बंगालमधल्या बनगावला सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं. तीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. जमिनीवर पडलेल्या माणसाला त्याच्या आईने पेल्याने पाणी पाजावं आणि तो उठून बसावा, यामागे क्रेन यांचा तो कागदावरचा आराखडा होता. हे सांगताना आजही माझा आवाज भरून येतो.

२०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा महापूर तुम्ही पाहिलाय. पूर ओसरला की जुलाबाची भीती सुरू होते. म्हणून थोडं थांबून सांगतो. ओआरएसचं, म्हणजे याच मीठ-साखरेच्या पाण्याच्या तयार पुडीचं, मोठं पाकीट एक लिटरचं असतं. त्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. ते पाकीट पेलाभर पाण्यात कालवू नका. द्रावण फार गोड किंवा खारट झालं तर मघाशी दुसऱ्या ट्यूबमधल्या पेशींतून जसं पाणी बाहेर आलं, तसं शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. कोल्ड्रिंक याच कारणाने चालत नाही. उकळून गार केलेलं पाणी घ्या, मोजून लिटरभर, आणि चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्या. लहान मुलाला चमच्याने, थोडं थोडं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. मूल सुस्त पडलं, पीतच नसेल, तर मात्र घरी बसू नका, दवाखाना गाठा.

ओआरएसने जीव वाचतो, पण जुलाबाचं प्रमाण फारसं घटत नाही. आई घाबरते ती त्यामुळेच, आणि पाजायचं थांबवते. वेल्लोरच्या संशोधकांनी २००० साली पटकीच्या रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहान आतड्यात न पचणारं स्टार्च त्यांनी ओआरएसमध्ये मिसळलं. ते मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू त्यापासून लघू मेदाम्लं, म्हणजे छोट्या रेणूंची फॅटी ॲसिडं, बनवतात आणि त्यांच्या सोबतीने मोठं आतडं सोडियम व पाणी शोषतं. जुलाब कमी झाले, लवकर थांबले.

आपल्याकडे राधानगरी-गगनबावड्याला नाचणी पिकते, भात पिकतो. शिजवून गार झालेल्या भातात असं न पचणारं स्टार्च वाढतं. आंबलेल्या आंबिलीत किती उरतं? त्यातून कोणती मेदाम्लं किती बनतात? मोठ्या आतड्याच्या पटलातून ती नेमक्या कुठल्या प्रथिनाच्या वाटेने जातात? हे प्रश्न विद्यापीठाच्या विभागात, साध्या साधनांनी, नेटाने हाताळता येण्यासारखे आहेत. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्प निवडायचा असतो. ज्यांना यातलं काही करायचं आहे त्यांनी येताना घरच्या आंबिलीची कृती, किती तास आंबवतात त्यासकट, लिहून आणावी.