शिट्टी वाजली होती का?

(पडदा काळा. हार्बर लाइनची गाडी जाते. मग चेंडूची धप्प. उजेड.)

नेरूळ, रात्रीचे साडेनऊ. कृत्रिम गवताच्या फुटबॉल टर्फवरचं तासाचं बुकिंग संपलंय. बुटांतले काळे रबरी दाणे झटकून झाले, बाटल्या रिकाम्या झाल्या, तरी जाळीला टेकलेली सात पोरं घरी जायचं नाव घेत नाहीत. तिघांच्या अंगात मुंबई सिटीची निळी जर्सी, दोघांच्या अंगात केरला ब्लास्टर्सची पिवळी. पिवळे दोघं वाशी-नेरूळच्या मल्याळी घरांतले, इथेच वाढलेले. त्यामुळे भांडण मराठीतच चाललंय.

विषय तोच. 3 मार्च 2023.

(आवाज वर: ‘चीटिंग होती रे ती सरळसरळ!’ ‘कसली चीटिंग? रूल काय म्हणतो ते बघ ना!’)

त्या रात्री बंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, बाद फेरीत बेंगळुरू एफसी आणि केरला ब्लास्टर्स समोरासमोर होते. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत, 96 व्या मिनिटाला, बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकोनाच्या, जरा बाहेर बेंगळुरूला फाऊलबद्दल फ्री किक मिळाली. केरलाचा गोलकीपर वॉल, म्हणजे किक अडवायला खेळाडूंची भिंत, लावण्यात गुंतला होता. तेवढ्यात बेंगळुरूच्या सुनील छेत्रीनं चेंडू उघड्या गोलमध्ये टाकला. शिट्टी वाजली नव्हती. रेफरीनं गोल दिला. केरलाच्या प्रशिक्षकांनी संघाला बाहेर बोलावलं आणि संघ पुन्हा मैदानात आला नाही.

छेत्री इथल्या निळ्यांना परका नाही. 2015 साली तो मुंबई सिटीकडून खेळायचा, आणि तेव्हा मुंबईचं घरचं मैदान म्हणजे हेच, नेरूळचं डी. वाय. पाटील. आयएसएलमधली भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक त्यानं तेव्हाच केली. निळ्यांचा आवाज जरा जास्त चढतो, त्याला हेही कारण आहे.

(स्टेडियम बाहेरून, सायन-पनवेल हायवेवरून. मग सकाळचं मैदान. जमिनीलगत कॅमेरा: चुन्याची रेघ, शेजारी चेंडू.)

आता नियम. फ्री किकला चेंडू जागेवर स्थिर हवा. समोरच्या संघानं 9.15 मीटर लांब राहायचं. आकडा विचित्र दिसतो, कारण मूळ माप दहा यार्डांचं आहे. एक यार्ड म्हणजे 0.9144 मीटर, दहाचे झाले 9.144, तेच पुस्तकात 9.15 म्हणून आलंय.

(मुलगा पावलं मोजत जातो. मोजपट्टी उलगडते.)

हा मुलगा दहा पावलं टाकतोय, आपल्याकडे प्रत्येक मैदानावर टाकतात तशीच. टेप लावली. 7 मीटर 40. वॉल पावणेदोन मीटर पुढे! साधं चालताना माणसाचं पाऊल पाऊण मीटरच्या आसपास पडतं. त्या हिशेबानं बारा पावलं लागतात, वर थोडं. दहाच टाकायची असतील तर ढांगा लांब हव्यात, आणि तो सराव घरी टेप अंथरून करावा लागतो. स्थानिक सामन्यांतली अर्धी बाचाबाची या पावणेदोन मीटरचीच असते.

पण हे अंतर फ्री किक घेणाऱ्याच्या सोयीसाठी आहे, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. त्याला ते नको असेल तर तो थांबायला बांधील नाही. चेंडू ठेवला, स्थिर झाला, मारला. शिट्टी लागत नाही. बहुतेक फ्री किकना ती लागतच नाही. समोरचा जवळ उभा असताना घाई केली आणि चेंडू त्याच्याच पायात गेला, तर खेळ चालू राहतो, घाई करणाऱ्यानं भोगायचं. मात्र समोरच्यानं मुद्दाम आडवं येऊन पटकन घेतलेली किक अडवली, तर पिवळं कार्ड.

शिट्टी कधी लागते? रेफरी कार्ड दाखवत असेल, कुणी जखमी असेल, बदली खेळाडू येत असेल, किंवा रेफरी वॉल अंतरावर मागे नेत असेल तेव्हा. मग तो हात वर करून शिट्टी दाखवतो आणि तोंडानंही सांगतो, शिट्टीवर घ्या. त्यानंतर आधी मारलेला गोल धरत नाहीत.

(क्लोजअप: रेफरीच्या तळहातावर शिट्टी.)

जाळीपाशी पिवळे हेच सांगताहेत. आमची वॉल लागत होती, कीपर ती लावत होता, मग थांबायला नको? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र कीपरकडे सापडत नाही. वॉल कीपर लावतोय म्हणून शिट्टी लागत नसते, ती रेफरी मागे नेत असेल तर लागते. छेत्रीनं सामन्यानंतर सांगितलं की त्यानं रेफरीला वॉल नको, शिट्टी नको असं स्पष्ट कळवलं होतं आणि रेफरीनं पुन्हा विचारल्यावरही तेच सांगितलं होतं. आधीचा एक प्रयत्न केरलाच्या एड्रियन लुनानं अडवला, असंही तो म्हणाला. लुना चेंडूपाशी उभा होता म्हणजे धोका त्याला दिसला होता. बाकीच्यांना दिसला नाही.

(मैदानावर पुन्हा तीच मांडणी. चार मुलांची वॉल. कीपर जवळच्या खांबाला चिकटून.)

असं का होतं ते इथे दिसतं. गोल 7.32 मीटर रुंद. वॉल सरळ लागली का हे बघायला कीपर जवळच्या खांबापाशी जातो, एक डोळा मिटतो, हातानं ‘डावीकडे, अजून डावीकडे’ करतो. त्या दोन-तीन सेकंदांत त्याच्या दुसऱ्या अंगाला सहा मीटरहून जास्त जागा उघडी पडते. वॉलमधले चौघं कीपरकडे तोंड करून, म्हणजे चेंडूकडे पाठ. मारणाऱ्याकडे बघणारा एकही नाही.

(किक. चेंडू हळूच आत. कीपर वळून बघतो. पुन्हा, संथ गतीत.)

चेंडू जोरात मारावाही लागला नाही.

यावर उपाय सोपा आहे आणि तालमीत बसवायचा आहे. फाऊल झाला की एकानं चेंडूच्या रोखानं तोंड करून राहायचं, किक न अडवता, नजर हलवायची नाही. त्यानं ओरडून रेफरीला विचारायचं: शिट्टीवर का? ‘हो’ ऐकू येईपर्यंत कीपरनं गोलच्या मध्यातून हलायचं नाही. वॉल लावायची घाई नंतर.

(जाळीपाशी. आता दुसरा विषय.)

‘मग सुआरेझनं केलं ते काय?’ 2 जुलै 2010, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, घानाचा गोलमध्ये जाणारा चेंडू उरुग्वेच्या सुआरेझनं गोलरेषेवर हातानं अडवला. त्याला लाल कार्ड मिळालं, घानाला पेनल्टी मिळाली, त्यांच्या ग्यानची किक आडव्या दांड्याला लागली आणि उरुग्वे शूटआऊटमध्ये जिंकलं. तो नियमभंग होता, उघड्यावर केलेला, आणि त्याची शिक्षा जागेवर झाली. 1986 मध्ये मॅराडोनानं इंग्लंडविरुद्ध हातानं गोल केला तो प्रकार वेगळा: तिथे रेफरीला फसवलं गेलं. छेत्रीच्या किकमध्ये फसवणूकही नाही, नियमभंगही नाही. तिन्हींना ‘चीटिंग’ म्हटलं की त्या शब्दाला अर्थच उरत नाही.

पळवाटा खऱ्या असतात, आणि त्या नियम बदलूनच बुजतात. कीपरचंच बघा.

(स्टॉपवॉच. कीपर चेंडू पोटाशी धरून जमिनीवर.)

हातात चेंडू सहा सेकंद, हा नियम कित्येक वर्षं कागदावरच होता. शिक्षा होती बॉक्सच्या आत अप्रत्यक्ष फ्री किक, म्हणजे जिच्यावर थेट गोल धरत नाहीत ती. ती इतकी जड वाटायची की रेफरी देतच नसत. कीपर दहा-बारा सेकंद पडून राहायचे. 2025-26 च्या हंगामापासून मुदत आठ सेकंद झाली आणि शिक्षा हलकी, कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून बोटांनी मोजतो. मोजणी सुरू होते ती चेंडू नीट ताब्यात आल्यावर आणि समोरचा आडवा नसताना. या मुलानं तीन वेळा करून बघितलं, तिन्ही वेळा आठच्या आत सुटला. घाईही झाली नाही.

(भांडण थंडावतं. चेहरे. निवेदन नाही.)

त्या सामन्याचं पुढे एवढंच: बेंगळुरू विजयी ठरले, फेरसामन्याची मागणी फेटाळली गेली, केरलाला 4 कोटी रुपये दंड झाला, प्रशिक्षक वुकोमानोविच यांच्यावर 10 सामन्यांची बंदी आली.

(रविवार, सकाळ. मोठं मैदान, सात-सात जणांचा सामना. नाणेफेक.)

नाणेफेकीला रेफरी दोन्ही कप्तानांना सांगतोय: वॉल मागितली तर शिट्टीवर, नाही मागितली तर चेंडू चालू. दहा सेकंदांचं काम. या मैदानावर दर सामन्याआधी हे सांगतात.

अकराव्या मिनिटाला फाऊल. लाल जर्सीतला मुलगा चेंडू ठेवतो आणि रेफरीकडे बघतो. समोरचा एकजण चेंडूकडे तोंड करून उभा राहतो आणि ओरडतो, ‘सर, शिट्टीवर?’ कीपर गोलच्या मध्यात आहे. तो अजून खांबाकडे गेलेला नाही.

(रेफरीचा हात वर. बोटांत शिट्टी.)