हात वर!

(दृश्य: चार महिन्यांचं बाळ. त्याच्यावर वाकलेला एक चेहरा.)

आत्तापर्यंत हे बाळ बोळकं पसरून हसत होतं. आता नीट बघा. हसू विरलं, मान वळली, नजर भिंतीकडे गेली. समोरचा माणूस 'ए, इकडे बघ की' म्हणत आणखी पुढे वाकतोय आणि बाळ आणखी वळतंय. ते रुसलेलं नाही. एवढा खेळ त्याला झेपेनासा झालाय. थोडं थांबलं, तर बहुतेकदा ते आपणहून परत बघतं.

शब्द फुटायच्या कितीतरी आधीचं हे 'नको'.

आपलं अंग वेगळं आणि बाहेरचं जग वेगळं, याची पुसट जाण नवजात बाळालाही असते. १९९७ साली फिलिप रोशा आणि सुझन हेस्पोस या मानसशास्त्रज्ञांनी ते पाहिलं. गालाला परकं बोट लागलं की बाळं त्या बोटाकडे तोंड वळवत. स्वतःचा हात लागला, तर तितकी वळत नसत. पण 'हा मी' हे उमगायला दीड-दोन वर्षं जातात. ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी १९७२ मध्ये मुलांच्या नाकाला हळूच रंग लावून त्यांना आरसा दाखवला. लहानगी आरशातल्या बाळाशी खेळत बसली. दोन वर्षांच्या आसपासच्या बऱ्याच मुलांचा हात मात्र स्वतःच्या नाकाकडे गेला.

याच सुमाराला 'माझं!' सुरू होतं. माझा चमचा, माझी चप्पल, मीच घालणार. मोठ्यांना हा हट्ट वाटतो. मला त्यात नुकताच सापडलेला 'मी' दिसतो, आणि म्हणून त्या वयात 'दे बरं ताईला' म्हणून हातातलं हिसकावून घेणं मला बघवत नाही.

(दृश्य: तीन वर्षांची मुलगी आणि तिचे बाबा. गुदगुल्या.)

खिदळता खिदळता ती म्हणते, 'पुरे!' इथेच आपण फसतो. गुदगुल्यांचं हसू आवरत नाही, नकोसं झालं तरी येतच राहतं. ऐकायचं ते 'पुरे'. या बाबांनी ऐकलं. दोन्ही हात वर.

ती दम खाते. बाबांच्या हातांकडे बघते. मग पोट पुढे काढते. 'आता परत.'

परत गुदगुल्या. 'पुरे!' परत हात वर. असं चार-पाच वेळा चालतं. मग तीच बाबांच्या काखेत बोटं खुपसते.

'पुरे गं!' बाबा म्हणतात.

तिचे दोन्ही हात वर.