एका तारेचं धनुष्य

नमस्कार, श्रोतेहो.

ब्राझीलमधलं साल्वादोर हे बाहिया राज्याचं शहर. तिथे कापुएराचं रिंगण धरलं जातं. कापुएरा म्हणजे लढत, नाच आणि खेळ, तिन्ही एकात. दोन खेळाडू येतात आणि वादकांच्या पायाशी उकिडवे बसून राहतात. बेरिंबाव नावाचं वाद्य परवानगी देईपर्यंत खेळ सुरू होत नाही. बेरिंबावची लय वाढली की हालचाली वाढतात. खेळ हातघाईवर येतोय असं दिसलं, की मुख्य वादक तारेवर एकाच सुराचे लागोपाठ ठोके देतो, आणि दोघेही मुकाट्याने परत येतात. वाद्यानेच पंच व्हावं, हे मला फार विलक्षण वाटतं.

दिसायला किती साधं! माणसाच्या छातीपर्यंत येईल अशी लवचीक काठी, बहुधा बिरिबा नावाच्या झाडाची. ती वाकवून तिला पोलादी तार ताणून बांधायची. ही तार पुष्कळदा मोटारीच्या जुन्या टायरमधून काढलेली असते. खालच्या टोकाजवळ वाळवून पोकळ केलेला भोपळा दोरीच्या फासाने आवळायचा. झालं वाद्य. ते पेलायचं मात्र डाव्या हाताच्या करंगळीवर, आणि त्याच हाताच्या अंगठ्या-तर्जनीत एक नाणं किंवा गुळगुळीत दगड धरायचा. उजव्या हातात बारीक छडी, शिवाय बियांनी भरलेला वेताचा खुळखुळा, कशिशी. नवशिक्यांची करंगळी सुरुवातीला चांगलीच दुखते.

आता सुरांचं बघू या. मोकळी तार छेडली की एक सूर. दगड घट्ट दाबला की साधारण एक स्वर वर. दगड नुसता टेकवला तर झणझणीत, चिरका आवाज. हिशेबाला दोनच सूर आणि एक झणझणाट. मग रात्रभर ऐकत बसावं असं त्यात असतं काय? खरी करामत पोटाशी आहे. भोपळ्याचं उघडं तोंड वादक पोटाला टेकवतो, पुन्हा दूर करतो. टेकवलं की आवाज कोंडतो, दूर केलं की फुलतो. तबलजी डग्ग्यावर मनगट सरकवून जी घुमार काढतो, ती आठवून बघा. वादकाचं शरीरच इथे वाद्याचा भाग होतं.

हे धनुष्य ब्राझीलचं मूळचं नव्हे. अंगोलात आणि त्याच्या आसपास अशी भोपळ्याची धनुष्यं आजही वाजतात, हुंगु हे त्यातलंच एक. पोर्तुगीजांच्या राजवटीत आणि पुढेही, आफ्रिकेतून लाखो माणसं गुलाम करून ब्राझीलला नेली गेली. त्यांना सामान नेता येत नव्हतं. वाद्य कसं करायचं ते डोक्यात होतं. काठी, तार आणि भोपळा नव्या मुलखातही मिळाला. १८२०च्या दशकात ज्याँ-बातीस्त दब्रे या फ्रेंच चित्रकाराने रिओत असा एक वादक रंगवला आहे. योहान मोरित्स रुगेंदास या जर्मन चित्रकाराच्या १८३५ सालच्या कापुएराच्या चित्रात मात्र नुसता ढोल दिसतो. म्हणजे धनुष्य रस्त्यावर होतं, खेळात ते नंतर आलं.

१८८८ साली गुलामी कायद्याने संपली. त्यानंतर दोनच वर्षांत, १८९०च्या दंडसंहितेने रस्त्यावर कापुएरा खेळणं गुन्हा ठरवलं. शिक्षा दोन ते सहा महिने. बेड्या तुटलेल्या माणसाला त्याच्या खेळासाठी तुरुंगात टाकणं, याचा मला आजही संताप येतो. बेरिंबाववर वाजणाऱ्या ठेक्यांत काव्हालारिया नावाचा एक ठेका आहे. घोडेस्वार पोलीस येताहेत, पांगा, असा इशारा त्यातून देत, अशी परंपरा सांगते. त्याची चाल ऐकली की टापा ऐकू येतात खऱ्या.

पुढे मेस्त्री, म्हणजे गुरू, बिंबांनी १९३२ साली साल्वादोरमध्ये आपली कापुएराची शाळा काढली, आणि १९४१ साली मेस्त्री पास्तिन्यांनी जुन्या अंगोला पद्धतीचं केंद्र. बिंबांच्या रिंगणात एकच बेरिंबाव, अंगोला पद्धतीत तीन. युनेस्कोने २०१४ मध्ये कापुएराच्या रिंगणाला मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली.

रिंगणाबाहेर या वाद्याला मोठं केलं ते रेसिफेच्या नाना व्हास्कोंसेलोस यांनी. त्यांच्या ‘कोदोना’ या त्रिकुटात कॉलिन वॉलकॉट हा अमेरिकन वादक होता. पंडित रविशंकरांकडे तो सतार शिकला आणि उस्ताद अल्लारखांकडे तबला. सतारीच्या तरफांशेजारी बेरिंबावची एकटी तार ऐकायची असेल, तर त्यांचं ध्वनिमुद्रण जरूर शोधा.

आणि अगदी आपल्या शेजारी, गुजरातेत भरूच जिल्ह्यात रतनपूरला सिद्दी समाजाचा बावा गोरचा दर्गा आहे. या सिद्दी फकिरांकडे मलुंगा नावाचं वाद्य आहे. तेही धनुष्यच, भोपळ्याचं, छडीने वाजवायचं! जंजिऱ्याच्या सिद्दींची सत्ता आपल्याला शाळेपासून ठाऊक असते, मलुंगा मात्र फारसं कुणी ऐकलेलं नसतं. हे लोक आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडून आले, ब्राझीलचे बहुसंख्य पश्चिमेकडून गेले. दोन वेगळे समुद्र, तरी धनुष्य तेच. आपल्या संगीतसभांना मलुंगावादकांना मानाने बोलवावं, असं मला मनापासून वाटतं.

आता तीन बेरिंबावांचं वादन लावतो आहे. सर्वांत मोठ्या भोपळ्याचं, खर्जातलं गुंगा आधी सुरू होईल. तेच ठेका धरून ठेवतं. दुसरं मेदियो त्याला उलटून उत्तर देईल. तिसरं, बारीक आवाजाचं व्हियोला, या दोघांच्या मधल्या फटींत मनसोक्त खेळेल. पहिल्यांदा ऐकताना गुंगाचा ठेका सोडू नका. तो एकदा कानात बसला, की व्हियोलाच्या करामती कळायला लागतील.