फौजेचा धूर कुठल्या रकान्यात?

नमस्कार मंडळी. तर्री-पोह्यांचा व्हिडिओ पुढच्या रविवारी, आज नाही. काहून, तर पंधरा दिवसांपासून कमेंटमध्ये एकच धोशा: "भाऊ, लष्करी खर्चाचा पर्यावरणाशी काय संबंध?"

सोपं आधी उरकतो. रणगाडा डिझेल पितो, लढाऊ विमान एटीएफ, म्हणजे विमानइंधन. एक किलो विमानइंधन जळलं की तीन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड. एकातून तीन कसे, म्हणून मागे एकाने मला खोटारडा म्हटलं होतं. अरे बाप्पा, ऑक्सिजन हवेतून येऊन जोडला जातो! लढाई नसली तरी सराव, गस्त, तळ सुरूच. २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलर होता, हा स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचा आकडा. झालं.

आता जिथे सगळे घसरतात ते. जगातल्या हरितगृह वायूंपैकी ५.५ टक्के सैन्यांचे, अशी रील तुम्ही पाहिली असेल. मागे ढणढण संगीत आणि "लपवलेलं सत्य!" भाऊ, तो अंदाज आहे, मोजमाप नाही. २०२२ मध्ये अभ्यासकांनी मांडलेला. मोजमाप नाही, कारण देश आपापल्या धुराचा हिशेब ज्या वहीत मांडतात, तिच्यात त्याचा धड रकानाच नाही.

माझ्या बहिणीच्या लग्नाची वही माझ्याकडे होती. मंडप, आचारी, बँड, सगळं लिहिलं. नंतर बाबांनी विचारलं, वऱ्हाडाला किती लागले? वही गप्प! गाड्यांचं डिझेल मामांनी परस्पर भरलेलं, ते कुठेच नाही. आणि वऱ्हाडाची संत्रा बर्फी किराण्याच्या बिलात. चोरी कोणीच केली नाही. थोडं लिहिलंच नाही, थोडं दुसऱ्याच नावाने लिहिलं.

नाही पटलं? इथलंच, आपल्या नागपूरचं घ्या. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत ॲल्युमिनियमचं काम होतं. एक किलो ॲल्युमिनियम काढायला चौदा-पंधरा युनिट वीज जाते, आणि आपल्याकडे ती बहुतेक कोळशावरची. तो धूर वहीत आहे, पण वीज आणि उद्योगाच्या पानावर. फौजेच्या पानावर शून्य. ही झाली संत्रा बर्फी.

आणि मामांचं डिझेल? ते १९९७ चा क्योटो करार, देशांनी धूर कमी करायचा. अमेरिकेने जोर लावला आणि परदेशी जाणाऱ्या लष्करी जहाज-विमानांचं इंधन, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसारच्या बहुराष्ट्रीय मोहिमांचा धूर, हे देशांच्या बेरजेबाहेर ठेवलं गेलं. मजा म्हणजे एवढं करून अमेरिकेच्या सिनेटने करार मंजूर केलाच नाही! २०१५ च्या पॅरिस हवामान कराराने ती सूट काढली, पण सक्ती केली नाही. सांगायचं तर सांगा, नाहीतर राहू द्या.

म्हणून "लपवलं" म्हणू नका हो. लपवायला आधी लिहावं लागतं.

एक कमेंट मात्र मस्त होती: "संरक्षण बजेटमधला मोठा वाटा पगार-पेन्शनचा, त्याचा कसला धूर?" हाव ना, बरोबर. पेन्शनचा रुपया कामठीच्या किराणा दुकानात जातो, तोफगोळ्याचा रुपया भट्टीत. म्हणून नुसत्या बजेटवरून धूर काढणारे कॅल्क्युलेटर मला पाठवत जाऊ नका.

आणि ज्यांनी मला देशद्रोही म्हटलं, त्यांना सांगतो, आमच्या घरची चूल आयुध निर्माणीच्याच पगारावर पेटली. बाबा तीस वर्षं फिटर होते. हिशेब विचारायची सवय त्यांचीच, वरची वही आठवा.

थांबा, विमान चाललंय. सोनेगाव विमानतळाजवळ राहायचं म्हणजे दर व्हिडिओत हे... गेलं. मुंबई-पुण्याचं प्रवासी विमान असेल तर याचा धूर देशांतर्गत विमानसेवेच्या रकान्यात. वायुसेनेचं असेल तर सांगायची सक्ती नाही. खिडकीतून शेपूट दिसली नाही मला, तुम्हाला दिसली का?